बावन्न हजार सालातला आवाज

बाबा राजूरच्या कोळसा खाणीत सुरुंग लावायचे. बार फुटला नाही, तर ठरलेला वेळ गेल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही, हा तिथला नियम. त्यामुळे घरातही नुसता आकडा त्यांना चालत नसे. कुकरला किती वेळ आहे विचारल्यावर मी पाच म्हटलं, की पेपरातून डोकं न काढता ते म्हणायचे, "पाच काय?" मिनिटं म्हटल्यावरच मान हलायची. घरात कुकर आहे, सुरुंग नाही, असं आई ऐकवायची.

ते गेले त्याला या महिन्यात वर्ष होईल. वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी आईने एकच मागितलं: त्यांचं शेवटचं बोलणं ऐकायचं. फोन करण्यापेक्षा आवाज रेकॉर्ड करून पाठवायची त्यांना सवय होती. त्यांच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही फोनमधले असे शेकडो निरोप मी काढून घेतले. प्रत्येकासोबत तारखेऐवजी एक लांबलचक आकडा. संगणकाचे प्रोग्राम लिहिणं हेच माझं काम. क्रम लावणारा प्रोग्राम अर्ध्या तासात झाला. त्यात शेवटी आलेला निरोप मी आईला ऐकवला.

"प्लास्टर कवा काढतो म्हणे डॉक्टर?" बाबा विचारत होते.

आईने आपल्या मनगटावरून हात फिरवला. "हे शेवटचं नाही, माय. माहा हात मोडला त्याले पाच वर्षं झाले."

मी आकड्यांच्या तारखा करून पाहिल्या. दोन्ही फोन १९७० सालापासूनचा वेळ मोजत होते. नवा सेकंदांत, जुना मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. मी सगळेच सेकंद धरले होते. त्यामुळे प्लास्टरची चौकशी बावन्न हजाराच्याही पुढच्या सालात जाऊन पडली होती.

मी पडद्याकडे बघत राहिले. तेव्हा वर्धा नदी कुठून वाहत असेल? आपली भाषा कोणाला कळेल? आणि तिथे एक माणूस बायकोच्या हाताची चौकशी करतो आहे. चूक माझीच होती, पण ती पुसायला हात होईना.

मग दुरुस्ती केली. आकडा आत येतो तिथेच त्याला विचारायचं, सेकंद की मिलिसेकंद. उत्तर त्याला कायमचं जोडायचं. एका मापात आणल्याशिवाय दोन वेळांची तुलना होऊ द्यायची नाही, आणि माप न सांगणारा आकडा परत पाठवायचा. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, स्वयंपाकघरातही.

आता शेवटी वेगळा निरोप आला. मागे एसटीचा हॉर्न, मग बाबा: "वणीच्या स्टँडवर आहो. वीस मिनिटात येतो."

वेळेवर आले होते का, मी विचारलं.

"वीस मिनिटं म्हणले तं वीसच," आई म्हणाली. "चहा उकळून राह्यला होता." मग म्हणाली, "अजून एकदा लाव."