घरच्या गाडीचं कार्ड

माझ्या भाऊजींच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक टायर बसवून लगेच बाहेर पडलंय, असं मी कधी पाहिलेलं नाही. आधी त्याला काउंटरसमोरच्या स्टुलावर बसवलं जातं. मग भाऊजी कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, खिशातलं पेन काढतात आणि विचारतात, "सकाळी घरातून किती वाजता निघता?"

गिऱ्हाईक चिडतं. "अहो, मला टायर हवेत, नोकरी नको."

"टायरचंच विचारतोय. किती वाजता?"

आमच्याकडे उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं आणि थंडीत नळातलं पाणी गोठतं. अशा ठिकाणी टायर निवडणं म्हणजे तारेवरची कसरत. उन्हाळ्याचे टायर वेगळे, थंडीचे वेगळे, आणि दोन्हीकडे चालतात म्हणून विकले जाणारे बारमाही वेगळे. भाऊजी हे सगळं लोण्यावरून समजावतात. उन्हाळ्याचं रबर थंडीत फ्रीजमधल्या लोण्यासारखं कडक होतं, रस्त्याला धरतच नाही. थंडीचं रबर उन्हात ओट्यावर विसरलेल्या लोण्यासारखं मऊ पडतं आणि दोन महिन्यांत झिजून गोटा होतं. "आणि बारमाही?" असं कुणी विचारलं, की म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." पण उन्हं वर आल्यावर बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या निवृत्त मास्तरांना त्यांनीच आग्रहाने बारमाही बसवून दिले होते. कारण टायर गाडी बघून निवडायचा नसतो, तिचा दिवस बघून निवडायचा, हे त्यांचं ठाम मत. भाऊजींची सगळीच मतं ठाम असतात. जेवणात मीठ किती असावं याबद्दलसुद्धा.

तर प्रश्न तीन. सकाळी किती वाजता निघता? तुमच्या रस्त्यावर सावली कुठे कुठे असते? आणि गाडीत कोण असतं? हा तिसरा प्रश्न लोकांना भोचक वाटतो. एकदा बँकेतल्या एका साहेबांनी तोंडावर विचारलं, "तुम्हाला काय करायचंय हो?" भाऊजी म्हणाले, "एकटे असाल तर खुशाल कंजूसपणा करा, जीव तुमचा आहे. शेजारी लेकरू बसत असेल तर मी करू देणार नाही." साहेबांनी मुलीचं वय सांगितलं.

उत्तरं कार्डावर लिहिली जातात. कार्डं लाकडी खणात गाडीच्या नंबरांप्रमाणे लावलेली असतात, आणि गिऱ्हाईक दर हंगामात टायर बदलायला आलं, की तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. माणसाची नोकरी बदलते, घर बदलतं, शाळा बदलते. हा कार्डांचा उद्योग खरं तर माझ्या ताईच्या डोक्यातून निघालेला. ताई नर्स आहे. लग्न झालं तेव्हा भाऊजी नुसती रबरावरची नक्षी बघून टायर विकायचे. ती म्हणाली, "आमच्याकडे आधी पेशंटला विचारतात, मग गोळी देतात. तुम्ही विचारतच नाही." तेव्हापासून बावीस वर्षं भाऊजी विचारताहेत. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नाही, सगळे 'केसपेपरवाले' म्हणतात. त्यांना ते आवडतं. आवडत नाही असं दाखवतात, एवढंच.

आता माझ्या मनगटाची गोष्ट. मी भूगोल शिकवते. शाळेच्या जिन्यावरून पडले आणि महिनाभर हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढायला ताईच्या दवाखान्यात जायचं होतं. तो पूर्वी गावात होता, पावसाळ्यानंतर वर टेकडीवर हलवला. वर जायला नऊ वळणं आहेत. ताई म्हणाली, "माझ्याबरोबरच चल. पावणेसहाला दारात उभी राहा, मी हॉर्न वाजवणार नाही."

त्या दिवशी हंगामातली पहिली खरी थंडी पडली होती. काचेवरचं दव गोठलेलं, ताईने ते पत्र्याच्या पट्टीने खरवडलं. आम्ही निघालो. चार वळणं गप्पांत गेली. पाचवं वळण खडकाच्या आडोशाला आहे. तिथे कडेच्या झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि त्या सकाळी ते वाहायचं थांबलं होतं. ताईने स्टिअरिंग वळवलं. गाडी वळली नाही. चाकं वळलेली, आणि गाडी सरळ निघाली, हट्टी पोरासारखी, दरीकडच्या कठड्यावर. ताईने ब्रेक दाबून धरला नाही, सोडला, पुन्हा हळूच दाबला. बंपर कठड्याला टेकला आणि गाडी थांबली. कठडा माझ्या गुडघ्याएवढा उंच होता. पलीकडे काय होतं ते मी पाहिलं नाही आणि आता सांगणारही नाही.

ताईने इंजिन बंद केलं, दोन श्वास घेतले आणि मला विचारलं, "हात आपटला नाही ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. मी खाली उतरले आणि टायरकडे बघितलं. केसपेपरवाल्यांची मेहुणी आहे मी, एवढं मलाही कळतं. नक्षी उत्तम होती. टायर मात्र बारमाही होते.

"ताई, हे असे टायर? तुझ्या गाडीला?"

"दवाखाना खाली होता तेव्हा बसवलेत. नऊला निघायचे मी, ऊन असायचं. घरच्या गाडीचे टायर वर्षातून दोनदा बदलायला त्यांना वेळ कुठे? हंगामात दुकानाबाहेर रांग असते."

"आणि तुझी ड्युटी बदलली, हे त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं होतं. 'बरं' म्हणाले होते."

भाऊजी सातला उठतात. ताई जाते तेव्हा ते घोरत असतात. तिची ड्युटी बदलली हे त्यांना माहीत होतं, पण कानांनी. कार्डावर लिहिलेलं नव्हतं, आणि कार्डावर नसलेली गोष्ट त्यांच्या हिशेबी घडलेलीच नसते. घरच्या गाडीचं कार्डच नव्हतं. ती कधी रांगेत उभी राहिली नव्हती, स्टुलावर बसली नव्हती, मग तिला विचारणार कोण? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"आज सांग त्यांना," मी म्हटलं.

"हंगाम आटपू दे. पंधरा दिवसांचा तर प्रश्न. मी सावकाश चालवीन. त्यांच्या हाताने बसवलेला टायर चुकला हे ऐकवलं, तर चार दिवस जेवायचे नाहीत."

मला असा राग आला! टायरचा नव्हे, या समजूतदारपणाचा. उद्या याहून जास्त थंडी पडणार होती. उद्या पावणेसहाला ती त्याच वळणावर, त्याच टायरवर असणार होती, आणि का, तर नवऱ्याच्या भुकेची काळजी.

प्लास्टर निघालं. दुपारी ताईला ड्युटीवर सोडून मी बसने खाली आले आणि थेट दुकानात गेले. बाहेर सात-आठ गाड्या उभ्या होत्या. मी रांगेत थांबले. भाऊजी मला बघून हसले. "काय मेहुणीबाई, तुम्हाला तर सायकलसुद्धा नाही."

"एका बाईंसाठी आलेय. माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना स्वतःला यायला जमत नाही."

"रांग सोडणार नाही हं. नातं दुकानाबाहेर."

"कोण म्हणतंय सोडा?"

माझा नंबर आला. मी स्टुलावर बसले. भाऊजींनी कोरं कार्ड काढलं. "हं. सकाळी किती वाजता निघतात बाई?"

"पावणेसहा."

"अरे बापरे. सावली?"

"नऊ वळणांपैकी पाचांवर दहापर्यंत ऊन येत नाही. एका वळणावर झऱ्याचं पाणी असतं, आज गोठलं होतं."

"आणि सध्या गाडीला टायर कुठले आहेत?"

"बारमाही."

भाऊजींनी पेन खाली ठेवलं. त्यांना असा राग येतो तेव्हा त्यांचं बोलणं रांगेच्या शेवटपर्यंत ऐकू जातं. "कुणी बसवले? कोण तो गाढव? गोठलेल्या पाण्यावर कुठलाच टायर देव नसतो, पण बारमाही? पहाटे? घाटात? त्या माणसाने बाईंना दोन प्रश्न तरी विचारले का? त्याला आणा इकडे, या स्टुलावर बसवतो!"

रांगेतले लोक हसले. मीही हसले असते, पण मला हसू येईना.

"विचारले नाहीत त्याने," मी म्हटलं. "तुमचा तिसरा प्रश्न राहिला."

"हो. गाडीत कोण असतं?"

"बाई एकट्याच असतात. आज तेवढी बहीण होती बरोबर. गाडी कठड्याला जाऊन टेकली तेव्हा बहिणीचा हात प्लास्टरमध्ये होता."

भाऊजींनी लिहायला सुरुवात केली. 'बहीण' लिहिलं आणि पेन थांबलं. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. महिनाभर प्लास्टरखाली राहिलेलं मनगट, पांढरंफटक, काडीसारखं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"लागलं का तिला?"

"नाही."

"तुला?"

"नाही."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"हंगाम आहे म्हणाली."

दुसरा कुणी असता तर मला ओरडला असता, चारचौघांत फजिती केलीस म्हणून. भाऊजींनी ते कार्ड फाडलं, उठले, रांगेसमोर जाऊन उभे राहिले आणि सरळ सांगून टाकलं, "तो गाढव मीच. आज एक गाडी मध्ये घेतो. घरची आहे. चालेल का?"

रांगेत निवृत्त मास्तर होते, हवा भरून घ्यायला आलेले. ते म्हणाले, "बावीस वर्षांत पहिल्यांदाच घुसताय. घुसा."

दवाखान्यात फोन गेला. वळण अजून उन्हात आहे तोवर खाली ये, एवढंच भाऊजी बोलले आणि फोन ठेवला. ताई साडेतीनला आली, गणवेशातच. आल्या आल्या तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी टायरांच्या ढिगाआड सरकले. तिला वाटलं, किल्ली देऊन घरी जायचं. भाऊजींनी स्टूल पुढे ओढलं.

"बस."

"अहो, लोक बघताहेत."

"बघू देत. बस."

ती बसली. पर्स मांडीवर, पाठ ताठ, नवं गिऱ्हाईक बसतं तशी. भाऊजींनी कोरं कार्ड काढलं, चष्मा खाली घेतला.

"सकाळी घरातून किती वाजता निघतेस?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही," भाऊजी म्हणाले. एखादी गोष्ट माहीत नाही, असं दुकानात इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"पावणेसहा," ताई म्हणाली. त्यांनी लिहिलं. सावलीचं विचारलं, तिने एकेक वळण सांगितलं, तेही लिहिलं. पाचव्याखाली रेघ मारली.

"गाडीत कोण असतं?"

ताईने इकडे तिकडे पाहिलं. खणातल्या कार्डांवर सगळ्या गावाची लेकरं होती, म्हातारे आईबाप होते, मास्तरांची बायको होती. ती अगदी हळू बोलली, पण मला ऐकू आलं.

"मी असते."

भाऊजींनी तिसऱ्या ओळीत तिचं नाव लिहिलं, गिऱ्हाइकाचं लिहितात तसं, आडनावासकट. मग ते उठले आणि वरच्या फळीवरून थंडीचे चारही टायर एकेक करून स्वतःच्या हाताने खाली उतरवले.