फेलोशिप घरी पोचवणारे ढोले सर

मी अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते. ऑफिसातले काळेबाबू दारात आले आणि म्हणाले, "मॅडम, वर्ध्याहून ट्रंक कॉल आहे." वर्ध्याहून फोन म्हणजे देविदासच. देविदास लोणकरनं माझ्याच बरोबरीनं संशोधन केलं आणि आता तो आमच्या जुन्या वनस्पतिशास्त्र विभागातच शिकवतो. त्याचा फोन आला की आमच्यातल्या कुणाला तरी काहीतरी मिळालेलं असायचं. कुणाला फेलोशिप, कुणाचा प्रबंध मान्य झालेला, कुणाला एखाद्या परिषदेचं बोलावणं. त्यामुळे मी फोन कानाला लावला तो हसतच. "कोनाले भेटली रे?" तिकडून नुसती खरखर ऐकू आली… मग देविदास म्हणाला, "सुमन, सर गेले." मला आधी वाटलं, गावाला गेले असतील. "कुठं गेले?" असं मी विचारलंसुद्धा. त्यानं उत्तर दिलं नाही, तेव्हा मला कळलं.

मिळाली ती एसटी धरून मी वर्ध्याला पोचले. सरांच्या अंगणात आमचा जवळजवळ अख्खा ग्रुप जमलेला होता, नागपूरचे, यवतमाळचे, एकजण तर थेट हैदराबादहून निघालेला आणि अजून वाटेत असलेला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या तेच सांगत होत्या, "चाय मांडाले आत गेलती मी. बाहेर येऊन पाह्यलं त मान खाली… मले वाटलं, वाचता वाचता डोळा लागला." रिटायर होऊन सरांना वर्षही झालं नव्हतं.

डॉ. मधुकर ढोले हे नाव आमच्या विषयाबाहेर फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वर्ध्यातल्या आमच्या कॉलेजला विद्यापीठानं संशोधन केंद्राची मान्यता दिली. सरांनी दिल्लीची चांगली जागा सोडली आणि ते इथे आले. मागच्या बाजूच्या दोन टिनाच्या खोल्या त्यांना मिळाल्या. उन्हाळ्यात त्या खोल्यांत बुरशी वाढायची नाही, आम्हीच शिजून निघायचो. सरांचा विषय होता तुरीवरचा मर रोग. शेंगा धरायच्या वेळेला हिरवंगार झाड उभ्या उभ्या वाळून जातं. का जातं, बुरशी मुळातून आत शिरते कशी, आणि एकाच तासातलं, म्हणजे एकाच ओळीतलं, एक झाड मरतं तेव्हा शेजारचं तग कसं धरतं, हा सरांच्या आयुष्याचा प्रश्न होता. इतर विभागांतले लोक आम्हाला 'तूरवाले' म्हणायचे. आधी चिडवायला म्हणायचे, पुढे आमची ओळखच ती झाली.

आमच्यातली पहिली फेलोशिप देविदासची. दिल्लीच्या परीक्षेत तो निवडला गेला ती बातमी आली, तेव्हा आमचं सगळ्यांचं नाचायचंच बाकी होतं. प्राचार्यांनी नोटीस बोर्डावर नाव लावलं. सरांनी मात्र जेवणाचा डबा बंद केला, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चाल, तुह्या घरी जाऊ." देविदास गोंधळला. "घरी मी सांगतो ना सर शनिवारी." सर म्हणाले, "तू काय सांगशीन? पैसे भेटते एवढंच सांगशीन." आणि आम्ही चौघं-पाचजण बाजारातून पेढे घेऊन आर्वीच्या गाडीत बसलो. देविदासच्या गावाला आर्वीच्या अलीकडे फाट्यावर उतरून चालत जायचं. त्याचे वडील नुकतेच वावरातून आले होते. एवढे शिकलेले लोक एकदम दारात पाहून त्यांना वाटलं, पोरानं काहीतरी भानगड केली. सरांनी त्यांना बसवलं आणि पेढा हातावर ठेवला.

"म्हंजे नोकरी लागली का याले?" वडिलांनी विचारलं.

"नोकरी नाई भाऊ. सरकार याले म्हंते का बावा, तू विचार कर. तुह्या जेवनाखान्याचं आमी पाहू."

"विचार कराचे पैसे देते?" वडील मोठ्यांदा हसले. "आमी त जन्मभर फुकटातच करून राह्यलो!"

सगळ्यांत जास्त सरच हसले. मग म्हणाले, चला तुमच्या वावरात. तुरीच्या तासातलं वाळलेलं एक झाड त्यांनी उपटलं, खिशातल्या चाकूनं बुंधा उभा चिरला आणि आतली काळी रेघ दाखवली. "हे जे काळं हाय ना, हे कुठून येते, कसं चढते, ते तुमचा पोट्टा शोधून राह्यला. साऱ्या देशातून निवडलं त्याले याच्यासाठी." वडिलांनी ती चिरलेली काडी हातात घेतली, बोटानं रेघ पुसून पाहिली. ती पुसली गेली नाही. मग त्यांनी देविदासकडे पाहिलं… आपल्या मुलाकडे तसं पाहणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. परतीच्या गाडीत देविदास खिडकीकडे तोंड करून बसला होता. सर त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवून बसले.

त्यानंतर तो रिवाजच पडला. कुणाला काही मिळालं की सर त्याच्या घरी. हिंगणघाट, सेलू, समुद्रपूर, कुठेही. पण सर फक्त जिंकलेल्यांच्या घरी जात नव्हते, हे आम्हाला कळलं ते सर गेले त्या दिवशी त्यांच्या अंगणात बसलेलो असताना. आमच्यातला वसंता दोन वेळा फेलोशिपच्या मुलाखतीत नापास झाला होता. दुसऱ्या खेपेनंतर तो विभागात यायचाच बंद झाला. पुलगावला वडिलांच्या शिलाईच्या दुकानात काज-बटनं करत बसायला लागला. काही दिवसांनी तो परत आला आणि कामाला लागला. का आला, ते आम्ही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आता तो एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्या दिवशी अंगणात तो म्हणाला, "सर आलते दुकानात. हातात पेढ्याचा पुडा." वसंताच्या वडिलांनी मशीन थांबवून विचारलं, "पेढे कायचे? हा त फेल झाला." सर म्हणाले, "मुलाखतीत झाला. पन यानं वर्षभर जे औषध लावून पाह्यलं ना, त्यातून समजलं का ते तुरीले लागू पडत नाई. आता त्या रस्त्यानं दुसऱ्या कोनाले जाच काम नाई. हे लहान काम नोहे भाऊ." मग वडिलांनी, म्हणे, गळ्यातला टेप काढून ठेवला, हात पुसले आणि पेढा घेतला. "जाय मंग उद्यापासून," एवढंच ते वसंताला म्हणाले. हे सांगताना वसंता रडत नव्हता. आम्हीच रडत होतो.

माझी स्वतःची गोष्ट थोडी वेगळी. आम्ही पवनारचे. धाम नदीच्या काठाला आमचं भाजीचं वावर. वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी. बाबा सकाळी माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायचे आणि मी त्यांच्याच बैलबंडीत बसून कॉलेजला. पीएच.डी. झाली आणि मला इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेची दोन वर्षांची फेलोशिप मिळाली. आमच्या ग्रुपमधली ती पहिली परदेशी फेलोशिप. घरी मात्र एक स्थळ जवळजवळ पक्कं होत आलं होतं. मी सरांना म्हटलं, "सर, या वेळी घरी नका येऊ. बाबा नाही म्हणतील, आणि तुम्हाला नाही म्हटलेलं मला पाहवणार नाही." तरी रविवारी सकाळी सर सायकल मारत हजर झाले.

बाबा बांधावर बसून सांभाराच्या जुड्या बांधत होते. सर शेजारी बसले आणि तेही जुड्या बांधायला लागले. त्यांच्या जुड्या ढिल्या व्हायच्या, बाबा त्या न बोलता पुन्हा बांधायचे. मी आणि आई विहिरीपाशी उभ्या होतो. आई माझा हात घट्ट धरून होती. बऱ्याच वेळानं बाबाच बोलले.

"सर, हे इमानात बसून जाईन. एकटी. मंग मी लोकाइले काय सांगू?"

"लोकाइचं जाऊ द्या भाऊ. तुमाले काय वाटते?"

"मले भेव वाटते," बाबा म्हणाले. माझे बाबा कशाला तरी घाबरतात हे मी प्रथमच ऐकत होते. मग त्यांनी एकदम विचारलं, "तुमची पोरगी असती त धाडली असती का तुमी?"

सरांना मूलबाळ नव्हतं. हा प्रश्न त्यांना कुठे लागला असेल, हे मला आज या वयात समजतं. त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. ते चटकन 'हो' म्हणाले असते तर बाबांनी त्यांचं ऐकलं नसतं, असं मला वाटतं. पण सरांनी आधी ती जुडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "भेव वाटलं असतं. झोप नसती आली. पन धाडली असती… आनि रोज पोस्टमनची वाट पाह्यली असती."

बाबांनी जुड्यांवर पाणी शिंपडलं. "मंग तुमीबी पाहा माह्यासंग," ते म्हणाले.

आणि सर खरोखरच वाट पाहत राहिले. मी इंग्लंडात होते तोवर ते दर रविवारी पवनारला जायचे, माझं पत्र बाबांना वाचून दाखवायचे, आणि तेलातिखटाच्या भाकरीवर दोघं तासन्‌तास बोलत बसायचे. ते स्थळ मोडलं. माझं लग्न पुढे झालं, माझ्या मर्जीनं झालं, आणि अक्षतांच्या वेळी सर बाबांच्या शेजारी उभे होते.

सरांना स्वतःला मोठा पुरस्कार मिळाला तो अलीकडे, ऐंशीचं दशक निम्मं सरल्यावर. दिल्लीच्या एका संस्थेचा होता. शाल, चांदीचं मानचिन्ह आणि एकट्या सरांचं नाव. सरांनी त्यांना लिहिलं की काम सगळ्या ग्रुपचं आहे, सगळ्यांची नावं घाला. तसा नियम नाही, असं उत्तर आलं. सर अस्वस्थ झाले. "नाई घेत मी," म्हणायला लागले. काकूंनी आणि आम्ही मिळून त्यांना गाडीत बसवलं. ते गेले, पुरस्कार घेऊन आले, आणि मानचिन्ह कपाटात कपड्यांच्या मागे ठेवून दिलं. तेव्हा देविदासनं विचारलं, "सर, मायले सांगितलं का?" सरांची आई देवळीजवळच्या गावी सरांच्या धाकट्या भावाकडे राहायची. सर म्हणाले, "तिले काय समजते त्यातलं?" यावर देविदास फक्त म्हणाला, "चला सर, तुमच्या घरी जाऊ."

आम्ही सगळे गेलो. माय चांगली म्हातारी, कानानं कमी. देविदासनं तिच्या कानाशी ओरडून पुरस्काराचं सांगितलं, ते तिच्याआधी अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. मायनं मानचिन्ह उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, "मंग आता तूर मरत नाई का रे मधू?"

सरांची मान खाली गेली. "मरते माय. पहिल्यापेक्षा कमी, पन मरते. कशानं मरते तेवढं समजलं."

"समजलं ना?" माय म्हणाली. "डागदरलेबी आंधी समजाच लागते. मंग औषध." आणि सुनेला तिनं कुंकवाची वाटी मागितली. सर पाटावर बसायला लागले तशी तिनं आमच्याकडे बोट केलं. "हे पोट्टे कोन?" सर म्हणाले, "यायनंच केलं माय सारं काम. मी एकटा नोहतो." "मंग एकटा काऊन बसते? बसवजो साऱ्याइले."

चटई आणली. आम्ही ओळीनं बसलो, सर मध्ये. मायनं प्रत्येकाला टिळा लावला, वर तांदूळ चिकटवले, तोंडात गुळाचा खडा घातला. सरांच्या कपाळाला बोट लावताना ती जरा थांबली. सर लहान मुलासारखे ओठ दाबून बसले होते, पण डोळ्यांतलं पाणी गालावरून ओठांपर्यंत पोचलंच.

तेराव्यानंतर मी विभागात गेले. टिनाच्या खोल्या जाऊन आता पक्की इमारत झाली आहे, पण मागच्या बाजूचं ते सिमेंटचं सिंक तसंच आहे. प्रयोगाची काचेची भांडी सर स्वतः धुवायचे. मदतनीस असतानाही. ते धुणार आणि ज्याचा प्रयोग फसलाय तो शेजारी उभा राहून पुसणार. त्यांची नजर भांड्यांवरच असायची, त्यामुळे आम्हाला कुठलीही चूक सांगता यायची. सर वळून पाहायचे नाहीत, पाण्याच्या आवाजातून नुसतं विचारायचे, "मंग?" आणि आम्ही पुढचं सांगायचो…

त्या दुपारी मी दारात पोचले तेव्हा नळ चालू होता. देविदास बाह्या वर करून प्रयोगाच्या काचेच्या बशा घासत होता. शेजारी या वर्षी आलेली एक मुलगी हातात फडकं घेऊन उभी होती, तिची सगळी बुरशी का मेली ते रडवेल्या आवाजात सांगत होती. सांगता सांगता ती अडकली. देविदासनं मान वळवली नाही.

"मंग?" तो म्हणाला.

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि खुंटीवरचं दुसरं फडकं घेतलं.