सांडूमामांनी भाचीकडून घेतलेला धडा

हर्सूलचे सांडूमामा वीस वर्षं इन्व्हर्टर दुरुस्त करत आले होते. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाचीनं, प्रेरणानं, त्यांना विचारलं, "मामा, सेमीकंडक्टर फिजिक्स घेऊ का सोडू? लई अवघड म्हणत्यात."

मामांनी जळका ट्रान्झिस्टर तिच्या हातावर ठेवला. "हे बदलता येतं मला. पण का जळतं, ते नाय कळलं अजून. तू शीक अन् मलाबी सांग."

प्रेरणानं विषय घेतला. दिवाळीत येऊन तिनं समजावलं, की ट्रान्झिस्टर तापला की आतून करंट गळतो अन् त्यानं तो आणखीच तापतो. मामांनी मग उष्णता बाहेर जावी म्हणून ट्रान्झिस्टरच्या मागं ॲल्युमिनियमचे मोठे पत्रे बसवले. दुरुस्त केलेले इन्व्हर्टर पुन्हा जळून दुकानात परत येईनासे झाले.

त्यांच्याकडं मामानं भाचीच्या पाया पडायची रीत; संक्रांतीला मामा त्या रीतीप्रमाणं प्रेरणाच्या पाया पडले.

"आज नुसती रीत नाय, बाई," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.