वहिनीच्या फनेकचा काठ
याइमादादा माझा थोरला भाऊ. आमच्या मैतेई भाषेसाठी त्याने स्वतःच्या डोक्याने सबंध लिपी केली. शाळेत आम्हाला बंगाली अक्षरं शिकवली, पुढे आमची जुनी अक्षरं परत आली. याला दोन्ही नकोत! गाव हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

ती लिपी शिकली एकटी थाबातोनवहिनी. दादाचं सगळं वाचायची, पण स्वतः अक्षर लिहायची नाही.

"एक ओळ तरी लिही गं मला," दादा म्हणायचा.

"आधी भात रांधू की तुमची ओळ लिहू?" म्हणत ती मागावर जाऊन बसायची. दादा खट्टू व्हायचा. जगात वाचणारी एकच, आणि तीही उत्तर देईना.

वहिनी गेली. आम्ही बायकांनी तिला आंघोळ घातली, पेटीतलं तिनेच विणलेलं कोरं फनेक, आम्ही बायका लुंगीसारखं नेसतो ते, कमरेला गुंडाळलं. ते सारखं करताना काठाकडे बघितलं आणि माझे हातच थांबले. काठावर फुलं नव्हती, दादाची अक्षरं होती.

"दादा, वहिनीने लिहिलंय! लवकर ये!"

दादा धावला, पण काकांनी दारातच अडवलं. "बाईच्या फनेकपाशी पुरुष? तेही मयताच्या? अक्कल गहाण टाकलीस काय रे?"

आमच्यात पुरुषाने फनेकला शिवणं अशुभ; वाळत घातलेल्या फनेकखालूनसुद्धा दादा कधी गेला नव्हता. तो उंबऱ्यातच थांबला. मोतीबिंदूचे डोळे, तिथून काय दिसणार कपाळ!

"मग हे सोडून तिला दुसरं नेसवू या," मी म्हणाले.

"अंगावर चढलेलं काढायचं? तिला उघडी करायची?" म्हाताऱ्या बायका माझ्यावरच उखडल्या. बघता बघता वर पांढरं कापड पडलं.

आठवतील तशी अक्षरं मी अंगणातल्या मातीत बोटाने काढली. दादा गुडघ्यांवर बसून बघत राहिला.

"लागत नाही गं. पुन्हा काढ."

पुन्हा काढली. तेवढ्यात तिला उचलली. चार माणसांचे पाय त्या मातीवरून गेले. रडू आणि राग, दोन्ही एकदम आलं मला. कुणाच्या नावाने बोटं मोडणार?

चिता विझल्यावर दादाने हळूच विचारलं, "केवढं होतं गं?"

"काठभर. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"वरच्या की खालच्या?"

"दोन्ही काठांवर, दादा."

"एवढं बोलली ती?" म्हणाला, आणि तोंड झाकून हुंदके देऊन रडायला लागला.