डायवरचं वजन

दुपारचं जेवण झालं, की इंदुमती ढोबळे पलंगावर जरा आडवी होते. आज ती रागानं आडवी झाली आहे. पायाशी डायवर झोपलाय. डायवर हे कुत्र्याचं नाव. तिचा नवरा श्रीपती एस.टी.त कंडक्टर होता, आणि कंडक्टरच्या घरात एक डायवर हवाच म्हणून त्यानं ते ठेवलं होतं. श्रीपती जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून कुत्रा दिवसभर झोपतो, आणि उठलाच तर त्याचे मागचे पाय लटपटतात. मालकासाठी झुरतोय बिचारा, असं इंदुमती सगळ्या गल्लीला सांगते. खरं तर तिला त्याचाच आधार वाटतो. या घरात दुःख करणारी ती एकटी नाही.

रागाचं कारण सकाळचं. डायवरला फिट येतात. रोज गोळी लागते. मेडिकलवाला आठ महिने जुन्या चिठ्ठीवर देत होता, आज त्यानं हात वर केले. म्हणून ती मुलाणी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली. तिथला कंपाउंडर म्हणाला, "नुसती चिठ्ठी मिळायची न्हाई, मावशी. तीन महिन्यांत दाखवलं असतं, तर बाईंनी फुकट लिहून दिली असती. आता परत दाखवायला लागंल. परत दाखवायचे दीडशे. आणि केसपेपर जुना झालाय, त्याचे निराळे."

"गोळी तीच, कुत्रं तेच," ती म्हणाली. "दोन ओळी लिहायचे एवढे पैसे?"

कुरकुरत का होईना, तिनं ते दिलेही असते. पण कंपाउंडरनं नवा केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं, "मालक वारले न्हवं? मग नाव तुमचंच घालू?" ती तडक उठली. श्रीपतीच्या नावाचा जुना केसपेपर पदराखाली धरून चालत घरी आली. पाकिटात चार गोळ्या उरल्या आहेत.

पंखा घरघरतो. तिचे डोळे जड होतात. घरघर वाढत जाते, पलंग थरथरायला लागतो, आणि इंदुमती एस.टी.च्या खिडकीपाशी बसलेली असते. डायवर तिच्या पायाशीच आहे. गाडी गच्च भरलीय. पुढच्या बाकावर एक बाई शेळी घेऊन बसलीय, पलीकडे एकाच्या मांडीवर पोपटाचा पिंजरा. सगळ्यांच्या हातात केसपेपर आहेत. शेळी ओरडत नाही, पोपट बोलत नाही. बाहेर लख्ख ऊन आहे, पण रस्ता काही दिसत नाही.

पुढून कंडक्टर येतो. खाकी कपडे, खांद्याला चामडी बॅग, हातात तिकिटं पंच करायचा चिमटा. श्रीपतीच तो. नाकात नळी नाही, पोट सुजलेलं नाही. इंदुमतीला आनंद होतो आणि भीतीही वाटते, आणि दोन्ही एकदमच.

"पेपर बघू," तो म्हणतो.

ती देते. तो वाचून परत करतो. "मुदत संपली ह्याची."

"अहो, तुमचं नाव आहे त्यावर."

"म्हणून तर संपली."

"मी नाव बदलणार नाही."

"केसपेपरावर मालक जित्ता लागतो, इंदे." तो बाकाच्या दांडीला टेकून उभा राहतो, रोजच्यासारखा. "पासवाल्याला आम्ही दर महिन्याला खिडकीवर बोलवायचो का न्हाई? पास तोच, फोटो तोच. पर माणूस बघावा लागतोय. ते दीडशे लिहायचे न्हाईत. बघायचे हायेत."

"काय बघायचंय? तुमच्यासाठी झुरतोय तो."

श्रीपती घंटीची दोरी दोनदा ओढतो. गाडी हलत नाही. पायाखाली दवाखान्याची फरशी आहे आणि दोन बाकांच्या मध्ये वजनकाटा. डायवर काट्यावर एकटा कधी उभा राहिला नाही. श्रीपती त्याला उचलून घ्यायचा, काट्यावर चढायचा, आणि आलेल्या आकड्यातून त्याचे स्वतःचे एकाहत्तर वजा करायचे, ही तिथली पद्धत. आताही तो डायवरला उचलतो आणि चढतो. कुत्र्याचे मागचे पाय नुसते लोंबत राहतात.

काटा एकोणीसवर जाऊन थांबतो.

इंदुमती सवयीनं वजाबाकी करायला लागते. एकोणिसातून एकाहत्तर. जात नाहीत. ती पुन्हा करून बघते.

"माझं वजा करू नगंस," श्रीपती म्हणतो. "माझं काय ऱ्हायलंय आता? हे समदं त्याचंच."

चिठ्ठीवर चोवीस किलो लिहिलंय.

"गोळी चोवीस किलोची चाललीय आन् कुत्रं हाय एकोणीसचं. कशानं वाळलंय, ते बघायला नको कुणी? माझ्यासाठी न्हाई झोपत तो. गोळीनं झोपतोय."

तिला हे मुळीच ऐकायचं नसतं. पण ऐकल्यावर ते खोटं म्हणता येत नाही.

"म्हणजे तुमच्यासाठी मी एकटीच रडत होते?"

"व्हय." गोड बोलणं श्रीपतीला जिवंतपणीही जमलं नाही. "रड की. पर त्याला त्यात वढू नगंस."

तो वाकून डायवरच्या गळ्यातल्या पट्ट्याखाली हात घालतो. अख्खी मूठ आत जाते. दुसऱ्या हातातला चिमटा तो पट्ट्याला लावतो. "दुखेल त्याला," असं ती म्हणेपर्यंत टक् असा आवाज होतो.

ती जागी होते. चार वाजायला आलेत, भिंतीवर ऊन आहे. डायवर पायाशी घोरतोय. ती त्याच्या गळ्याला हात लावते. पट्ट्याला दुकानातली तीन भोकं होती. आता चौथं आहे, बरंच आत, गोल आणि ताजं, आणि बक्कल त्यातच अडकवलेलं आहे. चादरीवर मसुराएवढी चामड्याची चकती पडलीय. घरात असा चिमटा नाही. श्रीपतीनं रिटायर होताना तो डेपोत जमा केला होता.

दवाखाना चारला उघडतो. ती रिक्षावाल्याला फोन करते, चपला घालते आणि डायवरला उचलायला वाकते. गेल्या वर्षी त्याला नुसतं ढकलतानाही तिला धाप लागायची. आता तो पहिल्याच दमात तिच्या हातांवर येतो, गुडघे जरासुद्धा कुरकुरत नाहीत, आणि तेवढ्यानंच तिला रडू फुटतं.