व्हिसाआधीची मेहंदी

मॅडमचे आईवडील दोघेही इटलीचे. आई डोंगरावरच्या एका गावची, वडील समुद्रकाठचे. लग्नानंतर ती दोघं बोटीने अर्जेंटिनाला गेली आणि मॅडम तिथेच जन्मल्या. वडील वारले. आई आता इथे आखातात, बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये मॅडमजवळ असते आणि तिला सांभाळायचं काम माझं. मॅडम तिला मम्मा म्हणतात, म्हणून मीही मम्माच म्हणते. मॅडमनी आईवडिलांची गावं कधी पाहिली नव्हती. यंदा सुट्टीत दोन्ही बघायचं ठरलं. मम्मा म्हणाली, ही आली तर मी येईन. ही म्हणजे मी.

त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

वडिलांच्या गावचा रस्ता लांबचा, मम्माला झेपणार नाही. म्हणून मॅडम दोन दिवस एकट्याच तिकडे जाणार आणि मम्माला घेऊन मी डोंगरावरच्या गावात थांबणार. दोघीच. मम्माचं हृदय नाजूक आहे. जिना चढली की ओठ निळे पडतात. तिथे तिला काही झालं तर मी कोणाचं दार वाजवू? काय बोलू? मला इथे दुकानात दूध मागतानाही आधी मनात दोनदा म्हणून बघावं लागतं. चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हाही गुरुजींनी नाव विचारलं की मी खाली बघायची.

आमचे हे अल खोरला कंपनीची बस चालवतात आणि सुट्टीला नजमातल्या आमच्या खोलीवर येतात. त्यांना मी सांगितलं.

"माझ्या बसमध्ये घोरत असतेस, आणि विमानाला घाबरतेस?"

"विमानाला नाही हो. मम्माला काही झालं म्हणजे?"

"म्हातारीला काही होत नाय. घाबरून तूच आधी जाशील. मग तीच तुला सांभाळत बसेल."

मी हसले, पण पानातला भात तसाच राहिला.

मॅडम आणि मम्माकडे इटलीचेच पासपोर्ट, व्हिसा फक्त मलाच लागत होता. त्या ऑफिसात जायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या खोलीतल्या भाभी मेहंदीचा कोन घेऊन आल्या. "एवढ्या लांब निघालीस आणि हात कोरे? सुतकात असल्यासारखी जाणार काय गो?" मला कोणाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी तळव्यावर वेल काढली आणि आमच्याकडे लग्नात भरतात तशी बोटांची टोकं पेरापर्यंत भरून टाकली. सकाळी रंग असा चढला होता की भाभी स्वतःवरच खूश झाल्या.

व्हिसाच्या ऑफिसात काउंटरवरच्या माणसाने ठशांसाठी बोटं काचेवर ठेवायला सांगितली. लाल दिवा लागला. पुसून ठेवली, पुन्हा लाल. त्याने माझा हात उलटा करून पाहिला.

"मेहंदी? आज ही लगानी थी?" तो म्हणाला. "फिंगर नहीं आएगा. निकल जाए, तब आओ."

त्याने पुढच्या आठवड्याची वेळ दिली. त्यानंतरची वेळ घेतली असती तर विमान चुकलं असतं. म्हणजे ती एकच संधी होती. लिफ्टमध्ये मॅडम हळूच म्हणाल्या, "तुला यायचं नसेल तर मला सांग. पण असं करू नकोस."

मी मुद्दाम केलं नव्हतं. ते सांगेपर्यंत लिफ्ट खाली पोचली. खरं म्हणजे लाल दिवा लागला तेव्हा माझी छाती हलकी झाली होती. म्हणूनही बोलता आलं नसेल.

घरी मम्माने माझे हात पाहिले. मॅडमनी तिला त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं असावं. ती उठली, भिंत धरत स्वयंपाकघरात गेली आणि लिंबू कापलं. तिची बोटं थरथरतात, तिच्या स्वेटरची बटणं मी लावते. तीच आता माझं एकेक बोट धरून लिंबू आणि मीठ चोळायला लागली. चांगलंच झोंबत होतं. मी हात काढून घेऊ लागले तर तिने सोडला नाही. आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलतो. ती म्हणाली, "मला पण भीती. तिथे बहीण नाही आता. घरात दुसरे लोक. मला कोण ओळखणार?" पुढचं बोट धरून म्हणाली, "तू नाही, तर मी नाही."

मग रोज दुपारी तिच्या औषधानंतर हेच काम. भांडी घासताना मी हातमोजे घातले नाहीत, साबणाने रंग लवकर उतरेल म्हणून. बोटांची कातडी सोलवटली. मेहंदी केशरी झाली, मग पिवळी. भाभी रोज विचारायच्या, "गेली काय?" आणि आपल्याच कपाळावर हात मारायच्या.

दुसऱ्या वेळी मम्मा हट्टाने बरोबर आली, चाकाच्या खुर्चीत. डाव्या हाताचे ठसे आले. उजव्या अंगठ्याला पुन्हा लाल. "जोर से दबाओ," तो माणूस म्हणाला. मी दाबत होते, तेवढ्यात मम्माने खुर्चीतून हात लांब करून माझ्या अंगठ्यावर आपला हात ठेवला आणि दाबला.

"अरे, दादी का नहीं चाहिए, आपका चाहिए!" तो हसला.

तिने हात काढला. मी पुन्हा अंगठा ठेवला. दिवा हिरवा झाला.

मम्माने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला मात्र आता न जायला काही कारण उरलं नव्हतं.

टॅक्सीत मम्मा माझ्या खांद्याला टेकली. मी तिला विचारलं, तुमच्या गावात लोकांना मदतीला बोलवायचं तर काय म्हणायचं? तिने खांद्यावरचं डोकं उचलून माझ्याकडे पाहिलं. कशासाठी विचारते ते तिला कळलं असणार. "आयुतो," ती म्हणाली.

मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मम्माने कानाला हात लावला, ऐकू येत नाही म्हणून. मी पुन्हा म्हटलं. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं आणि मी खाली बघितलं. मम्माचा हात अजून कानावरच होता. मग मी डोळे मिटले आणि रस्त्यावरून कोणी धावत येईल इतक्या मोठ्याने ते म्हटलं.