आतली कडी

तुमच्या तळ्याकाठच्या लाकडी घराचे फोटो पाहिले. मित्र छपरावर चढलेत, कुणी रंगाचा डबा धरलाय, सगळे हसताहेत. खाली तुम्ही विचारलंय, "आजी, तू कधी असं काही केलं होतंस?" केलं होतं. तुमच्या आजोबांच्या हयातीत मी ते कुणाला सांगितलं नसतं. आताही लिहिताना कान गरम होतात. पण विचारलंत, तर सांगते. तुमच्या त्या दाराला आतून कडी आहे का, ते फोटोत दिसत नाही.

लग्न होऊन मी सांडोरला आले, ती बागायतदारांच्या घरात. केळी, भाजी, थोडी फुलं. माझं शिक्षण मुंबईत इंग्रजीत झालेलं. वसईतल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. घर मोठं आणि माणसं भरपूर. आम्हाला दिलेली खोली म्हणजे माजघराचा फळ्या ठोकून वेगळा केलेला कोपरा. फळ्या वरपर्यंत पोचत नव्हत्या. पलीकडे कंदील लागला की आमच्या भिंतीवर उजेड यायचा आणि सासऱ्यांचा खोकला तर उशाशीच असल्यासारखा. दाराच्या जागी पडदा. दीर अभ्यासाचं पुस्तक विसरले की "वहिनी, येऊ का?" म्हणता म्हणता आतच आलेले असत. तीन वर्षं आम्ही दोघं तिथे कुजबुजत राहिलो. शेजारच्या बायका माझ्या पोटाकडे बघून सासूबाईंना काहीबाही विचारत आणि मी विहिरीवर जाऊन उगाच घागर घासत बसे.

आमच्या वाडीच्या टोकाला बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. तीन घरांच्या वाड्या त्याच्या पाण्यावर. काठावर एक जुनी खोप होती. कुडाच्या भिंती, अर्धी कौलं फुटलेली, आत फावडी, खताची पोती आणि इंजिनाचं हँडल. पाणी उपसायचं इंजिन तिन्ही घरांचं सामाईक. ज्याचा पाण्याचा दिवस, तो पहाटे येऊन खोपीतलं हँडल उचलायचा आणि ते फिरवून इंजिन चालू करायचा.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी जेवताना तुमचे आजोबा ताटाकडे बघत म्हणाले, "वाडीत राखणीला कुणी नाही. केळीचे घड चोरीला जातात. खोप नीट केली तर मी... आम्ही जाऊन झोपू."

गेल्या कित्येक महिन्यांत एकही घड चोरीला गेला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे इतकंच म्हणाले, "चूल इथेच राहील." म्हणजे वेगळं बिऱ्हाड नव्हे. गावाने तसं म्हणता कामा नये. मी ताटातला भात पुन्हा पुन्हा कालवत राहिले.

पुढच्या रविवारी मित्र आले. एक भुईगावचा, सुतारकाम करणारा. चर्चमधली सकाळची मिसा आटोपून थेट हत्यारांची पिशवी घेऊनच आला. दुसरा पलीकडच्याच आळीतला, कौलं चढवण्यात पटाईत. हा माझ्याशी इंग्रजीत बोलायची संधी सोडायचा नाही. आणि माझी मैत्रीण, शाळेतली शिवणाच्या बाई. ती जुन्या साडीचे पडदे शिवून घेऊन आली. खिडकी एकच होती, पडदे तिने चार आणले.

"एवढे कशाला गं?" मी म्हटलं.

"राखणीला लागतात," ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून हसली.

दिवसभर तेच चाललं. मी खालून कौलं द्यायचे, आजोबा शिडीवरून वर पोचवायचे. छपरावरचा म्हणे, "वहिनी, व्हेरी टाइट फिटिंग! एक थेंब येणार नाही. पण राखण जागून करायची हं, झोपायचं नाही." सुतार खालून म्हणे, "अरे, घड मोठा व्हायला वेळ लागतो, तू घाई करू नको." तुमचे आजोबा बावखलाकडे तोंड करून उभे. मी शेण-मातीत हात घालून भिंत सारवत होते. मान वर करायची सोय नव्हती. घरून चहा घेऊन सासूबाई आल्या तेव्हा सगळे एकदम इतके गंभीर झाले की ती शांतता थट्टेपेक्षा वाईट.

संध्याकाळी दार बसलं. मी धीर करून सुताराला हळूच म्हटलं, "भाऊ, आतून एक कडी लावाल?"

त्याने पटाशी खाली ठेवली. "खोपीला? आतून? वहिनी, मी जन्मात कुठल्या वाडीच्या खोपीला आतून कडी लावली नाही. वाडीचं दार ते. ज्याला हवं त्याने ढकलायचं आणि फावडं घ्यायचं." मग माझं तोंड बघून त्याची थट्टा कुठल्या कुठे गेली. मुकाट्याने त्याने पिशवीतून एक पितळी कडी काढली आणि चार स्क्रूंनी घट्ट बसवली.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक वस्तू तिच्या जागी. खत, फावडी मी मागच्या पडवीत रचली. पण इंजिनाचं हँडल? त्याची जागा वर्षानुवर्षं आतल्या खुंटीवर होती. मी ते पुसून लख्ख केलं आणि होतं तिथेच टांगलं, आमच्या अंथरुणाच्या बरोबर वर. एवढी शिकलेली बाई, पण दाराला आतून कडी आणि तिघांचं हँडल दाराच्या आत, हे दोन्ही मी एकाच संध्याकाळी केलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिल्या दिवशी पाणी आमचंच होतं. दुसऱ्या पहाटे शेजारच्या वाडीतले काका आले. त्यांनी नेहमीसारखं दार ढकललं. दार हललं नाही. त्यांनी खांदा लावला. मी जागी होते, आजोबाही. दोघांपैकी एकाने "थांबा, देतो" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आम्ही दोघं चादर हनुवटीपर्यंत ओढून गप्प. ते आपोआप जातील असं वाटलं. काका जाणार कसे? त्यांची केळी तहानलेली.

"अरे, कोण आहे आत?" आम्ही गप्प. "बोला की रे!" आम्ही आणखीच गप्प. आता बोलायचं तर आधी का बोललो नाही, हे सांगायला लागलं असतं. डासांसाठी आम्ही आदल्या संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली होती. त्याचा वास अजून येत असणार, कारण काका एकदम ओरडले, "धावा रे! पोरं धुरात गुदमरली!"

मग वाडीतून पावलं वाजली, कुत्री भुंकली, कुणीतरी शिडी आणा म्हणालं. मी साडी सावरतेय, आजोबा शर्टाची बाही शोधताहेत, तोवर डोक्यावरचं एक कौल सरकलं. त्या भोकातून आमच्या इंग्रजीवाल्या मित्राचं तोंड दिसलं. त्याने आम्हाला पाहिलं, आम्ही त्याला.

"वहिनी," तो म्हणाला, "गुड मॉर्निंग." आणि कौल परत जागेवर ठेवून दिलं.

बाहेर त्याचा आवाज आला, "जिवंत आहेत." त्यावर जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो.

मी कडी काढली. दारात सगळं घर उभं. सासऱ्यांच्या हातात दार फोडायला आणलेला कोयता. सासूबाईंच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच. मी खुंटीवरचं हँडल काढलं आणि काकांच्या हातात दिलं. "आज पाणी माझं होतं म्हणून..." काका पुटपुटले. ते माझ्याहून जास्त लाजले होते. सासऱ्यांनी कोणाकडेही न बघता सांगितलं, "वाडीच्या दाराला आतून कडी शोभत नाही. उद्या शेजारी म्हणतील, ह्यांनी पाणी कोंडलं. संध्याकाळपर्यंत काढून टाका."

तुमचे आजोबा "हो" म्हणाले. मी काय म्हणणार? कडी हवी का, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर देण्यापेक्षा मी बावखलात उडी घेतली असती. शाळेत त्या दिवशी फळ्याकडे तोंड करूनच मी तास संपवले. मैत्रिणीला बातमी आधीच कळली होती. ती या वेळी हसली नाही, नुसता डबा पुढे सरकवला. मनात एकच, संध्याकाळी कडीच्या जागी चार भोकं असतील आणि आम्ही पुन्हा त्या पडद्यामागे.

घरी न थांबता मी थेट खोपीकडे गेले. कडी होती तिथेच होती. बाहेरच्या भिंतीवर, वळचणीखाली, नवी खुंटी ठोकलेली होती आणि तिच्यावर हँडल, दवाने गंजू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळलेलं. सासूबाई खुंटीभोवतीचा उडालेला लिंपा सारवत होत्या.

"आत तेलाचा वास येतो त्याचा," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "बाहेरच बरं."

सासरे आले तेव्हा सासूबाईंनी त्यांनाही हेच सांगितलं, अगदी ह्याच शब्दांत. सासरे हँडलाकडे बघत राहिले. आता कुणाचंही पाणी अडत नव्हतं. ते खाकरले आणि केळीत निघून गेले.

सासूबाईंनी त्या मोठ्या घरात सहा मुलं वाढवली. तिथल्या एकाही खोलीला आतून कडी नव्हती. मी त्यांच्या हातातलं शेणाचं घमेलं घेतलं आणि राहिलेली भिंत सारवली. आभार मानले नाहीत, पुढेही कधी नाही. मानायचे तर कशाबद्दल ते म्हणावं लागलं असतं, आणि ते त्यांना ऐकवलं नसतं आणि माझ्या तोंडून निघालं नसतं.